तात्यांच्या डब्यातली चिठ्ठी

आदरणीय वामनराव कानडे, म्हणजे आपल्या कोपरचे तात्या, यांना पंचाहत्तरावं वर्ष लागलं. गौरवग्रंथासाठी काहीतरी लिहून पाठव, असा सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन मस्कतला आला तेव्हा मी शिडीवर उभा राहून एसी उघडत होतो. म्हटलं, "साहेब, माझं शिक्षण आठवी." ते म्हणाले, "नाव तात्यांनीच सुचवलंय." मग मी शिडीवरून खाली उतरलो.

तात्यांची पहिली ओळख झाली ती केबल बदलताना. त्या वेळी मी केबलवाल्याकडे कामाला होतो. तात्यांकडे टीव्हीवर कोणी गृहस्थ सारंगी वाजवत होते. मी सरळ वायर उपटली. तात्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "लावा परत. ते वाजवतायत, दिसत नाही का?"

"अहो, पण हे बघतंय कोण?"

"मी."

सारंगी संपेपर्यंत मला स्टुलावर बसवलं, मग चहा दिला. तेव्हा समजलं की सरकारी वाहिनीवर कोणत्या कार्यक्रमामागून कोणता लावायचा, हे ठरवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. ते म्हणायचे, "कार्यक्रम लहान असो, रटाळ असो, कोणीतरी तो मन लावून केलेला असतो. मधून उठू नये."

यातूनच त्यांचा 'अख्खा दिवस' सुरू झाला. आपल्यापैकी बहुतेकांनी तो अनुभवलाय, नव्या मंडळींसाठी सांगतो. तात्या वाढदिवसाला केक कापत नाहीत. सकाळच्या भजनापासून रात्रीच्या बातम्यांपर्यंत सोसायटीच्या हॉलमध्ये सरकारी वाहिनी लावतात आणि रिमोट खिशात ठेवतात. आदल्या दिवशी स्टीलचा डबा घेऊन सोसायटीत आणि शेजारच्या गावठाणात घरोघर फिरतात. डब्यातून चिठ्ठी उचलायची, जो कार्यक्रम निघेल तो शेवटपर्यंत बघायचा, बाकी वेळ या-जा मोकळी. एका वर्षी जोशीकाकूंना कुस्ती आली आणि जिमवाल्या सावंतला लोणची. काकू शेवटी खुर्चीवरून ओरडत होत्या, "अरे, पाय धर त्याचा!"

मी मस्कतला जायच्या वर्षीची गोष्ट. माझ्या वडिलांनी, म्हणजे गावठाणातल्या बाळाराम म्हात्र्यांनी, माझ्याशी पाच महिने बोलणं टाकलं होतं. कारण सरळ होतं. माझ्या आयटीआयच्या प्रवेशासाठी ते तीन दिवस ऑफिसच्या दारात बसले होते आणि तो कोर्स मी अर्ध्यात सोडून दिला. त्याआधी सोडलेल्या नोकऱ्या वेगळ्याच. घरात ते आईला सांगायचे, "त्याला सांग, जेवान वारलाय," म्हणजे वाढलंय. पुढच्या रविवारी माझं विमान होतं. तिकडच्या नोकरीचे कागद तात्यांनीच ओळ न् ओळ वाचून, समजावून दिले होते. पण बाबांशी न बोलता जायला मन तयार नव्हतं.

मला चिठ्ठी आली संध्याकाळच्या शेतीच्या कार्यक्रमाची. मी म्हटलं, "तात्या, बदलून द्या ना. शेतीतलं मला काय कळतं?"

"म्हणूनच बघायचा," ते म्हणाले.

कार्यक्रम सुरू झाला आणि दहा मिनिटांत मी दोनदा उठलो आणि परत बसलो. तिसऱ्यांदा उठलो तर दारात बाबा, हातात चिठ्ठी. मी गपकन बसलो. एक खुर्ची सोडून तेही बसले. पडद्यावर एक साहेब खाडीकाठच्या भातशेतीचा बांध समजावत होते. थोडा वेळ बाबांनी सोसलं. मग म्हणाले, "ह्यॅ! निसती माती टाकून बांध ऱ्हातं का? खेकरं भोकां पारतीन!"

मग बाबा माझ्याकडे वळले.

"नित्या, सांग यांना, आपला बांध कसा व्हता?"

पाच महिन्यांत पहिल्यांदा माझं नाव घेतलं होतं. मी म्हटलं, "पेंढा घालून चिखल, बाबा."

"आनी वरशी?"

"वर तुडवायचं."

"कोनी?"

"मी तुडवायचो."

"तवा तरी येका जागी टिकलं व्हतं तुझं पाय."

हॉल हसायला लागला. पुढच्या रांगेतून, मागे वळूनही न बघता तात्या म्हणाले, "म्हात्रे, कार्यक्रम चालू आहे." आम्ही दोघंही शाळेतल्या पोरांसारखे गप्प झालो आणि पडद्यावर नावांची शेवटची पाटी येईपर्यंत बसलो. रविवारी विमानतळावर माझी बॅग बाबांच्या खांद्यावर होती.

मी तेव्हा याला नशीब समजत होतो. परवा या लेखासाठी बाबांना फोन केला, तेव्हा ते हसत म्हणाले, "कसला नशीब? तात्या आलं तवा डब्यान येकच चिठ्ठी व्हती रं."

"तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसनार नाय? तरी उचलली."

माझ्या वेळी डब्यात किती होत्या, ते मी पाहिलंच नव्हतं.

तात्या, मस्कतला मी पाच वर्षं एकाच कंपनीत टिकून आहे, हे आपल्याला मुद्दाम कळवतो. आपले डोळे-कान शाबूत राहोत, गुडघे कुरकुर न करोत, आणि शंभराव्या वर्षीही डबा घेऊन आपणच घरोघरचे जिने चढावेत. यंदा माझी रजा मंजूर झालीय. बाबांनी शेजारची खुर्ची धरून ठेवतो म्हटलंय. चिठ्ठी कोणतीही द्या, मधून उठणार नाही.

आपला,
नितीन बाळाराम म्हात्रे
मस्कत