दुसरी सुई

"गानं तं सारेच आयकते भाऊ, मी गान्याच्या आंधीचं आयकतो," असं म्हणून ते रेकॉर्डवर सुई टेकवायचे आणि डोळे मिटून एक हात वर करायचे. हात वर म्हणजे कुणी हलायचं नाही. गाणं सुरू होण्याआधी रेकॉर्ड चार-पाच सेकंद नुसतीच फिरते. तेवढ्या वेळात खरखर आली नाही, तर हात हळूच खाली यायचा. आली, तर पहिला सूर लागायच्या आत सुई उचललेली असायची.

असे शौकीन तुम्हीही पाहिले असतील. हे त्यातलेच, असं मलाही सुरुवातीला वाटलं होतं.

विजेच्या खात्यात मीटर वाचण्यात त्यांची सारी नोकरी सरली. लाखांदूर तालुक्यातलं असं घर नसेल ज्याच्या ओसरीवर ते उभे राहिले नाहीत. मीटर बघता बघता त्यांची नजर आत कपाटापर्यंत जायची. निवृत्त झाल्यावर रेकॉर्ड गोळा करायला लागले, आणि नेमकं तेव्हाच पुण्या-मुंबईच्या पोरांनाही रेकॉर्डचं वेड लागलं. भाव वर चढले. यांचा मात्र नियम ठरलेला, "पाचशाच्या वर देऊन घेतली तं तो शौक नोहे, श्रीमंती." म्हणजे रेकॉर्ड स्वस्त पाहिजे आणि आवाजही स्वच्छ पाहिजे. या दोन गोष्टी सरळ वाटेनं एकत्र मिळत नाहीत. वाकड्या वाटेनं मिळतात, आणि त्या वाटेवर त्यांचा सोबती मी होतो.

माझा बसस्टँडजवळ फोटो स्टुडिओ आहे. लग्नं ड्रोनवाल्या पोरांनी नेली. माझ्याकडे उरलं ते गेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून फ्रेम करण्याचं काम. कुणाच्या घरी रेकॉर्डी आहेत ते त्यांना ठाऊक, कुणाच्या घरी माणूस गेलं ते मला. दर सोमवारी ते येऊन बाकावर टेकायचे, चहाचा पहिला घोट घ्यायचे आणि विचारायचे, "कोन गेलं जी या हप्त्यात?"

घरी ते देवमाणूस होते, हेही सांगायला हवं. प्रत्येक रेकॉर्ड रिठ्याच्या पाण्यानं धुवायची, जुन्या मऊ धोतरानं टिपायची, सावलीत उभी करून वाळवायची. एखाद्या बाळंतिणीचं कुणी एवढं केलं नसेल. रेकॉर्ड लागली की पंखा बंद, नळ बंद. वहिनींनी भाजीत पळी फिरवायची नाही. "एक डाव मले शिंक आली होती," वहिनी सांगायच्या, "तं आठ दिवस बोलले नाही."

आता त्यांची युक्ती सांगतो. त्यांच्याकडे एक पेटीसारखं उचलून नेता येणारं मशीन होतं. त्याच्या सुईपाशी तांदळाएवढी एक दांडी होती. दांडी इकडे केली की एक सुई खाली येई, तिकडे केली की दुसरी. एक सुई चांगली, दुसरीचं टोक मोडलेलं. लोकांच्या घरी रेकॉर्ड तपासताना ते धूळ उडवायला सुईवर फुंकर मारत आणि त्या फुंकरीच्या आडून अंगठ्यानं दांडी फिरवत. मोडक्या सुईखाली नवीकोरी रेकॉर्डसुद्धा रडायची. मग ते हळहळून म्हणत, "झिजली जी. कायले घरात अडगळ ठेवता?"

मोहाडीला एका मास्तरांच्या बायकोनं तर उलट आमचीच माफी मागितली, एवढ्या लांबून आलात आणि माल असा निघाला म्हणून. रेकॉर्डींची अख्खी पेटी तिनं जवळपास फुकटात दिली. परतीच्या एसटीत आम्ही दोघं इतके हसलो की कंडक्टर मागे वळून बघायला लागला.

मग दिघोरीची ती अंगणवाडीतली बाई माझ्याकडे आली. तिची माय वारली होती, मायचा फोटो मोठा करायचा होता. पैसे काढता काढता ती म्हणाली, "भाऊ, मायच्या पेटीत बाबाची रेकॉर्ड हाय. बाबा भीमगीतं म्हनत. मी सहा वर्साची होतो तवाच ते गेले. त्याहीचा आवाज मले काईच आठवत नाई. कोनाजवळ मशीन हाय का जी, एक डाव आयकव्याले?"

"आहे की," मी म्हणालो.

ती गेल्याबरोबर मी त्यांना फोन लावला.  ते नोकरीत असताना तिच्या मायनं कौतुकानं त्यांना ती रेकॉर्ड दाखवली होती. बाबांनी नागपूरला जाऊन काढलेली, छोटी, दोन बाजूंना दोन गाणी. थोड्याच निघाल्या, त्यातली ही उरलेली. निवृत्तीनंतर दर वर्षी ते मागत राहिले आणि ती माय नाही म्हणत राहिली. फोनवर ते एवढंच म्हणाले, "दुसऱ्या कोनाले सांगू नोको."

आम्ही गेलो तेव्हा धानाची कापणी आटोपली होती. अंगण सारवलेलं होतं. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली मी केलेला मायचा फोटो. खाटेवर तिची आत्या बसली होती. म्हातारीला दिसत नव्हतं, पण भावाचा आवाज ऐकायचा म्हणून नवं लुगडं नेसली होती.

त्यांनी मशीन उघडलं, सुईवर फुंकर मारली, आणि अंगठा हलला.

टिनाच्या छपरावर रेती ओतावी तसा आवाज आला. त्या रेतीखाली कुठेतरी पेटी वाजत होती आणि एक पुरुष गात होता. आत्यानं मान तिरपी करून थोडा वेळ ऐकलं.

"हा माहा भाऊ नोहे," ती म्हणाली.

"झिजली जी," ते लगेच म्हणाले. "कायले ठेवता? शंभर रुपये देतो, आठवन म्हनून."

पण बाईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती जमिनीवर बसून मशीनला कान लावत होती, गालांवरून पाणी वाहत होतं. "बाबाच हायेत आत्या. अजून एक डाव लावा न जी."

त्यांनी पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा. शेजारच्या बाया आल्या, म्हणून चौथ्यांदा. मोडकी सुई नुसती खराब वाजत नाही, रेकॉर्ड खाते, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. सुईच्या टोकाशी काळी भुकटी जमायला लागली होती. एरवी दुसऱ्याच्या घरी ती सुई ते अर्ध्या मिनिटाच्या वर टेकू देत नसत.

"सुई तापून राहिली बाई, आता पुरे," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"एकच डाव. मोबाईलमंधी भरून घेतो."

त्यांचा अंगठा दांडीवर गेला. दांडी फिरवली असती तर आवाज तिथल्या तिथे मोकळा झाला असता, पण आधी असं का वाजलं हे सगळ्यांनीच विचारलं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नको, अशी.

पाचव्या वेळेपर्यंत गाणारा माणूस जवळजवळ संपला होता. "आवाज कमी झाला का जी?" तिनं विचारलं. "जुनी हाय ना," ते म्हणाले. मग तिनं रेकॉर्ड मायच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. "तुमीच ठेवा. माह्या घरी मशीन नाई, तुमच्याजवळ जपून राहीन." शंभर रुपये काही तिनं घेतले नाहीत. वर आम्हाला नव्या धानाचे पोहे बांधून दिले.

घरी येऊन त्यांनी रेकॉर्ड उलटी केली. दुसरी बाजू दिघोरीत कुणी लावलीच नव्हती. चांगली सुई टेकवली. खरखर नाही, काही नाही. मग पेटी, आणि एक भरदार, मोकळा आवाज, जणू माणूस समोरच्या चटईवर बसून गातो आहे. ते रडायला लागले. "असा साफ आवाज जिंदगीत आयकला नाही रे," म्हणाले.

"बाईला बोलवू या," मी म्हणालो.

"बोलाव. मंग ती विचारीन, माह्या घरी काहून असं वाजलं? तू सांगशीन?"

मी तिला बोलावलं नाही. थोड्या वेळानं, पुन्हा लावा, असं मीच म्हणालो, तेही इथे सांगून टाकतो. पुढच्या सोमवारी ते नेहमीसारखे बाकावर येऊन बसले आणि त्यांनी विचारलं, "कोन गेलं जी?"

या उन्हाळ्यात ते स्वतःच गेले. मुलगा नागपूरहून आला, फोटो मोठा करायला माझ्याकडे आला, आणि सवयीनं माझं तोंड उघडलं, "बाबांच्या रेकॉर्डींचं काय करणार?" त्याला कुणीतरी घेणारा हवाच होता. मी एका व्यापाऱ्याचा नंबर दिला. तिसऱ्या दिवशी टेम्पो येऊन गेला. छोटी रेकॉर्ड मला त्यानंतर आठवली. धावत गेलो तर मांडणी रिकामी होती आणि वहिनी भर दुपारी मिक्सर लावून चटणी वाटत होत्या. व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "एका बाजूनं घासलेली? तसल्या मी भंगारात देऊन टाकतो."

मला त्यांचा राग येतो. माझाही येतो, पण त्यांचा जास्त, कारण ते सुटले.

मागच्या आठवड्यात दिघोरीची बाई दुकानात आली. आत्या अंथरुणाला खिळली आहे, आता फार दिवस नाहीत. "म्हनते, एक डाव भावाचा आवाज आयकव. हे मोबाईलमंधलं लावलं तं म्हनते, नोहे. भाऊ, दुसऱ्या बाजूलेही गानं होतं, माय सांगे. ते तं आपन लावलंच नाई. त्या मशीनवाल्या काकाच्या घरी असंन का ती रेकॉर्ड?"

"त्या बाजूचंही असंच झालं असेल," मी म्हणालो. "आणि आता काही राहिलं नाही त्यांच्याकडे."

 मग तिनं मोबाईल काढला. ही खरखर तेवढी कॉम्प्युटरवर काढून द्या, म्हणाली. ते होत नाही, असं मी सांगितलं, आणि ते खरं होतं. तरी तिनं लावलंच आणि मोबाईल माझ्या कानाशी धरला.

"हे आयका, इथं. इथं बाबा दम घेते. आला ना आयकू?"

खरखरीशिवाय मला काहीही ऐकू येत नव्हतं.

"आला," मी म्हणालो.

तिचा चेहरा खुलला, आणि तिनं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.