माठाची सावली

चित्रकलेच्या सरांनी माझं चित्र पाटलाच्या पोराच्या नावावर लावलं. फसवणारे सर, फसलेला मी.

सातवीत होतो. वर्गात मधोमध स्टुलावर माठ ठेवला होता. सगळी पोरं फळ्याकडे तोंड करून बसली. आमच्या वस्तीतला मी एकटाच. माझी जागा माठाच्या पलीकडे, फळ्याखाली, चपलांजवळ. पेन्सिल बोटभर उरलेली. उजेडाकडची बाजू कोरी सोडली. बाकी बोटानं चोळत चोळत गडद करत नेलं. माठ गोल झाला. कागदावर त्याला पोट आलं.

सरांनी कागद वर धरला. "बघा रे, यानं हात पुसले कागदाला!"

वर्ग हसला. कागद मात्र सरांनी परत दिला नाही.

महिन्यानं तो हेडमास्तरांच्या खोलीत, फ्रेममध्ये. खाली पाटलाच्या पोराचं नाव.

"सर, ते माझं हाय."

"माठ समद्यांनीच काढला. तुझा कशावरून?"

परत चपलांजवळ जाऊन बसलो. ते बसणं अजून सलतं.

आज वारंगा फाट्यावर माझं पाट्या रंगवायचं दुकान आहे. अक्षराला सावली दिली की ते भिंतीतून बाहेर येतं. त्यावरच घर चालतं. भावात मी कुणाच्या बापाला ऐकत नाही. परवा शाळेनं बोलावलं. पाटलाचा पोरगा आता शाळेचा अध्यक्ष. फ्रेमकडे बोट करून म्हणाला, "पेंटर, माझा हा माठ भिंतीवर मोठा काढ. खाली नाव बराबर टाक."

जवळ जाऊन पाहिलं. बोट सावलीवर थांबलं.

त्या वर्गाला खिडकी एकच होती, पोरांच्या डाव्या हाताला. त्यांना माठाची सावली उजवीकडे दिसायची. चित्रात ती डावीकडे पडली होती. तशी ती फक्त पलीकडून दिसते.

"अध्यक्षसाहेब, तुमी कवा बसले होते चपलांजवळ?"

"काय बोलून राहिला तू?"

"माठ ठेवा अन् स्वतः बसून बघा."

त्यानं पाहिलं नाही. आवाज खाली आणून म्हणाला, "काहून जुनं उकरतो? भाव वाढवून घे."

आयुष्यभर घासाघीस केली. त्या दिवशी नाही केली. रंगाचे डबे उचलले आणि निघालो.

सर अजून गावातच आहेत. गुरुजी म्हणून हार घेतात. आता सगळ्या गावासमोर त्यांनी उत्तर द्यावं. हा माठ कुठल्या जागेवरून काढलाय? आणि त्या जागेवर मला बसवलं कुणी?