एफच्या जागी विहीर

फळ्यावर सूत्र लिहिले की त्यातल्या ‘एफ’वर ती तळहात ठेवायची. “याच्या पोटात काय आहे, ते आताच काहून पाहता गा भाऊ? मागून भरू.”

प्रताप नगरातल्या आमच्या लहानशा कार्यालयात ती प्रोग्रॅम लिहायची. वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी तिथे आलो होतो. तिचे प्रोग्रॅम कसे वापरायचे, हे साध्या मराठीत लिहिणे माझे काम. डबा उघडा ठेवून गणितावर बोलत बसणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. ती त्यातली.

नरखेडकडच्या संत्रा बागायतदारांसाठी तिने एक प्रोग्रॅम केला होता. पंप सुरू असताना विहिरीचे पाणी किती वेगाने उतरते, हे तो सांगायचा. प्रत्येक विहीर वेगळी. म्हणून मूळ गणितात पाण्याच्या पातळीच्या जागी नुसता ‘एफ’ असायचा. त्या त्या विहिरीचे सूत्र नंतर तिथे भरायचे.

एका गावात तो दाखवायचा होता. गावाने नको म्हटले तर काम बंद, असे आमच्या साहेबांनी आम्ही तिघे निघतानाच तिला सांगितले.

समाजभवनात पडदा लागला. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बागायतदाराच्या विहिरीचे सूत्र तिने भरले. ‘एफ’ गेला, सूत्र आले. वेगाचा आकडा मात्र येईना. ‘या सूत्राचा बदलदर’, म्हणजे त्या वेगाचे नुसते नाव, एवढे लिहून पडदा थांबला.

“समजलं त्याले,” म्हातारा म्हणाला, “पण करून नाही राहिला. आमच्या जावयासारखा.”

सगळे हसले, साहेब सोडून. सर्वांत जास्त हसली ती.

“खरं आहे काका. भर म्हटलं, कर म्हणायचं राहिलं.”

कार्यालयात ‘कर’ ही शेवटची आज्ञा ती दर वेळी हाताने द्यायची. त्यामुळे प्रोग्रॅममध्ये ती आज्ञाच नाही, हे कधी लक्षातच आले नव्हते. तिने एक शब्द टाकला. आकडा आला.

म्हाताऱ्याने तो वाचला. “हो, एवढंच उतरते. मी दोरी सोडून पाहत असतो.” मग शेजारी वळून म्हणाला, “घ्या बाप्पा, आता तुमची विहीर सांगा.”

तिची खुर्ची आता रिकामी असते. बागायतदारांनी तिला तिकडेच ठेवून घेतले. परवा एक वाक्य तपासायला मी फोन केला. मागून कुणीतरी म्हणत होता, “ताई, पहिले माही विहीर.” दुसरा म्हणाला, “तुही कोरडी आहे, तिचं काय भरतं?”

“थांबा गा भाऊ,” ती मला म्हणाली, आणि फोन चालू ठेवूनच कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसली. त्या दोघांचे भांडण दूर जाईपर्यंत मी ऐकत राहिलो.