बिनफोडणीचं सूप

सुलभावहिनी सोमवारचा उपास रशियन सूप पिऊन सोडायच्या. आमच्या गंगापूर रोडच्या इमारतीत सोमवार करणाऱ्या पुष्कळ, पण हे खूळ एकट्या त्यांचंच.

त्यांचा निखिल रशियात डॉक्टरकी शिकत होता. गेला म्हणजे काय, वहिनींनीच पाठवला. पोराला मामासारखी नर्सरी टाकायची होती, झाडांत रमायचा बिचारा. वहिनी हटून बसल्या. निघताना त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही, हे त्यांनी मला कितीदा सांगितलं असेल. तिथल्या पहिल्या उन्हाळ्यात तो फोनवर म्हणाला, "रानातला पाला बटाटे घालून उकळतात इथे. वर दही. तेच जेवतो मी." झालं. तेव्हापासून वहिनींच्या घशाखाली धड घास उतरेना.

मग दर सोमवारी सकाळी मखमलाबादच्या मळ्यांत जायचं आणि बांधावरची घोळ, आंबट अंबुशी खुडायची. पिशवी धरायला मी. एकदा कांदा निंदणाऱ्या बाईने विचारलं, "ताई, घरी शेळी हाय का?"

"पोरगा आहे," वहिनी म्हणाल्या आणि खुडत राहिल्या. मला हसू आवरेना. त्यांना मात्र आलं नाही.

पाणी, बटाटे, पाला, मीठ. चव म्हणाल तर आजाऱ्याच्या पथ्याची. मी वैतागून म्हणायची, "अहो, निदान जिऱ्याची फोडणी तरी द्या."

"त्याला कोण देतंय तिकडे फोडणी? मीच धाडलंय ना त्याला," असं म्हणून त्या जी मान खाली घालायच्या, ती वाटी संपेपर्यंत वर करायच्या नाहीत. असल्या हट्टी बाईपुढे कोण काय बोलणार.

निखिल डॉक्टर होऊन आला तोही सोमवारच. वहिनींनी त्याला श्रीखंड-पुरी वाढली आणि स्वतः ती वाटी घेऊन बसल्या. "हे काय, आई?" त्याने विचारलं.

"तू खायचास तेच. तू फोनवर सांगितलंस तेव्हापासून करते."

पोराचा चेहरा खर्रकन उतरला. मी घरी निघाले तर जिन्यात मला गाठून म्हणाला, "काकू, मी ते एकदाच प्यायलो हो, एका मित्राच्या आजीकडे. होस्टेलला आपली मेस होती. रोज फोडणीचं वरण मिळायचं. मी चिडलो होतो. तिला लागावं म्हणून बोललो तसं."

"मग सांगून टाक. तिच्या जिवाचा घोर तरी संपेल."

"सांगतो."

सांगतो सांगतो म्हणत राहिला. वहिनींनीही नेम मोडला नाही. "त्याने काढले तेवढे दिवस मला काढू दे," म्हणायच्या. ते ऐकलं की निखिल उठून आत जायचा. मागच्या थंडीत वहिनी झोपेतच गेल्या. त्याचं सांगायचं राहून गेलं ते गेलंच.

परवा सोमवारी पोळ्या द्यायला गेले, तर निखिल दवाखान्यातून येऊन ओट्यापाशी उभा. पातेल्यात बटाटे आणि घोळ रटरटत होती. मला राहवेना. मी फोडणीची पळी काढली, तेल घातलं, गॅस लावला.

"नको, काकू," तो म्हणाला. "तिने कुठे घेतली?"

मी गॅस बंद केला. मला तरी वहिनींना सांगायला काय झालं होतं? रोज भेटत होते की. मी फळीवरून माझ्यासाठीही एक वाटी काढली.