गोदीच्या धुळीबद्दल मी बोललो नाही ते

आमच्या पाथर्डीकडे मुकादमाची एक रीत आहे. टोळीला कुणी काही विचारलं, मग तो कारखान्याचा माणूस असो की पोलीस, बोलायचं मुकादमानं. बाकीच्यांनी मान हलवायची. अर्धं आयुष्य मी ऊसतोडीच्या टोळ्या नेल्या, त्यामुळे ही रीत माझ्या अंगात मुरलेली होती.

उतारवयात एका ठेकेदाराच्या सांगण्यावरून मी माणसं उसाऐवजी मुंबईच्या गोदीत नेली, जहाजं दुरुस्तीला येतात तिथं. कोयता नाही, पाचट नाही, काम बारमाही. माणसं खुशीनं आली. माझा सख्खा पुतण्या तर सगळ्यांच्या आधी जीपमध्ये जाऊन बसला होता.

काम असं की जहाजाच्या पोटावरचा गंज आणि जुना रंग हवेच्या दाबानं वाळू मारून काढायचा. वाळू लोखंडावर फुटून तिचं पीठ होतं, त्यात रंगाचं आणि गंजाचं पीठ मिसळतं, आणि ते खाली बसत नाही. म्हणून जहाजाभोवती ताडपत्र्या बांधायच्या आणि आत धूळ ओढणारं यंत्र लावायचं, असा नियम होता. यंत्र बिघडलं. ठेकेदार म्हणाला, बघू. ताडपत्रीच्या आत स्वतःचा हात दिसेना, काम रेंगाळलं. तेव्हा ताडपत्र्या मी सोडायला लावल्या. वारा नेईल धूळ, असं मीच म्हणालो. वर त्या ताडपत्र्या गावी धाडल्या, उसाला जाणाऱ्यांच्या कोप्यांवर, त्यांच्या झोपड्यांवर टाकायला. गावात माझं कौतुक झालं.

वारा धूळ नेत होता ती भिंतीपलीकडच्या कोळीवाड्यात. एक म्हातारी कोळीण सुपात सुके बोंबील घेऊन फाटकाशी आली. बोंबील राखेत लोळवल्यासारखे दिसत होते.

"ए मुकादमा, मीठ लावायचं सोडलंय मी. तुझी पावडरच पुरते. जरा खाऊन दाखव ना!"

टोळी हसली. मीही हसलो. पुतण्यानं आपल्या भाकरीवरून बोट फिरवलं आणि ते मला दाखवत म्हणाला, "तात्या, आपली भाकर बी तसलीच हाय की." त्यावर सगळे आणखी हसले.

पुढं त्याला खोकला लागला. जिना चढताना मध्येच बसायला लागला. मी त्याला गावी आणलं आणि तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्याला विचारलं, "काम काय करतोस?"

मी पुढं झालो. "ऊसतोड, साहेब. आन् बिड्या लई ओढतो."

पुतण्यानं मान हलवली.

गोदीचं नाव निघालं असतं, तर तिथं असलेल्या बाकीच्यांच्या घरची माणसं माझ्या दारात आली असती. मला त्याची भीती वाटली. दुसरं कारण शोधून सापडत नाही.

त्याला क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यानं बिडी सोडली. त्याच्या बायकोनं, आमच्या सूनबाईनं, त्याचं ताट, तांब्या, अंथरूण वेगळं केलं, पोरांना माहेरी ठेवलं. भावकी त्यांच्याकडचं पाणी पिईना. घरी बसून त्याला जरा बरं वाटलं, आणि मी त्याला पुन्हा गोदीत नेलं. हे मला नीट लिहिलं पाहिजे. त्यानं मागितलं नव्हतं. मीच म्हणालो, "चल, बरा झालास."

तो परत आला तेव्हा एसटीतून त्याला दोघांनी धरून उतरवलं. या वेळी नगरच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "खाणीत होतास का कधी? दगडाच्या, वाळूच्या धुळीत?"

तो माझ्याकडे बघत राहिला. दम लागलेला, ओठ निळे, तरी माझ्या बोलण्याची वाट बघत होता.

"गोदीत होता," मी म्हणालो. "वाळू मारायला. मी नेला होता."

बाईंनी फोटो खाली ठेवला. मग म्हणाल्या, ही धूळ फुप्फुसात बसली आहे, ती आता निघत नाही. आधी सांगितलं असतं तर निदान धुळीतून बाहेर तरी काढता आलं असतं.

सूनबाई दाराशी उभी होती. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "तात्या, मग ह्यांचं ताट मी येगळं का केलं?"

पुतण्या आता घरी आहे, नाकाला प्राणवायूच्या यंत्राची नळी लावून. लाईट गेली की घर धावपळ करतं आणि मी ओट्यावर बसून ऐकतो. माझ्यासमोर कुणी मला काही बोलत नाही.

तिथं अजून कुणी असेल तर आधी त्यांना बाहेर काढा, असं बाईंनी मला सांगितलं होतं. त्याच दिवशी मी आमच्या टोळीतल्या कर्जतकडच्या गड्याला फोन लावला. तो अजून गोदीत वाळू मारायची नळी धरतो.

"काम सोड. आजच सोड," मी म्हणालो. "बिडी नव्हती रं ती. धूळ हुती."

"आमाला काय कळत न्हाई व्हय, तात्या?" तो म्हणाला. मध्ये खोकला. "सोडून काय करू? उसाला जाऊ? मोळी उचलली की डोळ्यापुढं अंधारी येती. इथं निदान उभं राहून काम हाय."

मी म्हणालो, नगरला ये, मी बाईंना सगळं सांगतो, तुझ्याजवळ बसून सांगतो. तेवढ्यात तिकडं कॉम्प्रेसर सुरू झाला. त्याला ओरडून बोलावं लागत होतं आणि ओरडायला त्याच्यात दम नव्हता. थोडा वेळ नुसता यंत्राचा आवाज आला, मग फोन बंद झाला.

त्यानंतर मी रोज लावतो. तो उचलत नाही. उद्या एसटीनं मुंबईला निघालो आहे. फाटकातून आत सोडतील की नाही, माहीत नाही.