सोनबा कमानीवाला आणि माझी उंच गाडी

हिंगणघाटला नागपूर रस्त्यावर, जिनिंगची गोदामं संपली की सोनबाचं दुकान लागतं. पाटी नाही. टिनाचं छप्पर, खाली गाडीच्या पोटात शिरायला खड्डा, आणि वाशाला टांगलेला बांबूच्या कामट्यांचा जुडगा. सोनबा गाड्यांच्या कमान्या, स्प्रिंगा, शॉकअप बघतो. इंजिनला हात लावत नाही. टायर आणि हवा हे खातं त्याच्या बायकोचं, भागाबाईचं. दोघं आपसात गोंडीत बोलतात, आणि गिऱ्हाईक मूर्ख निघालं की जरा जास्त बोलतात. माझ्या वेळी ते बरंच बोलले होते.

मी धनंजय. एका जिनिंगमध्ये काट्यावर बाबू आहे. कापसाची गाडी भरलेली आली की वजन लिहायचं, रिकामी जाताना पुन्हा लिहायचं. बावीस वर्षं हेच केल्यामुळे वस्तूचं वजन कळलं की वस्तू कळली, असा माझा पक्का समज होता. माणसांच्या बाबतीतही होता.

सोनबा गिरडकडच्या जंगलपट्ट्यातला. सोळाव्या वर्षी गाव सोडून आला आणि ट्रकच्या कमान्या ठोकणाऱ्या एका लोहाराकडे भाता ओढायला लागला. घणाच्या आवाजानं त्याचा एक कान गेला. दुसरा तो गाडीला लावतो, एकाला मागचा कोपरा दाबायला सांगतो, आणि सांध्यातला कुठला रबरी बुश गेला ते सांगतो. चाळीस वर्षांत त्याचं बोलणं कमीच होत गेलं आहे, पण एका गोष्टीवर तो अडून बसतो. गाडी मागून बसली आहे, उंच करायची आहे, असं कोणी म्हटलं की तो आधी सांगतो, घरचे सगळे घेऊन या.

"रिकामी गाडी खोटं बोलते, भाऊ," एवढंच त्याचं स्पष्टीकरण.

मग ठरल्या दिवशी अख्खं कुटुंब त्याच्या दुकानात येतं. जो जिथे बसतो तिथे त्यानं बसायचं, डब्याची पिशवीसुद्धा नेहमीच्या जागी. सोनबा उकिडवा बसून जमिनीपासून चाकावरच्या पत्र्यापर्यंत कामटी धरतो आणि सुरीनं खूण करतो. चार चाकांच्या चार खुणा, आणि कामटीवर मालकाचं नाव. स्प्रिंग कोणती लावायची, किती लावायची, ते त्यावरून ठरतं. लोक हसतात, पण सोनबाकडची गाडी तीन वर्षं पुन्हा बसत नाही हेही सांगतात.

माझी गाडी म्हणजे बारा वर्षं जुनी छोटी एसयूव्ही, मी तिसरा मालक. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण जे झालं त्यात तिचा काहीच दोष नाही. घेतली ती माझ्या वडिलांसाठी. अण्णाजी तीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर होते. दोन वर्षांपूर्वी लकव्यानं त्यांची डावी बाजू गेली. काठीवर चालायला लागले ते सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या व्यायामामुळे, आणि तो एकाही गुरुवारी चुकवायचा नाही असं तिथल्या सुरभी मॅडमनी बजावलेलं. गाडी घेण्याचं कारण इतकं साधं होतं. ते कारण मी दोन महिन्यांत विसरलो.

विसरलो, कारण गाडी मागून बसलेली होती. आमच्या गल्लीत ओमप्रकाशनं स्वतःच्या घरापुढे स्वतःच बांधलेला एक ब्रेकर आहे. त्यावरून जाताना गाडीचं पोट खरवडायचं आणि गल्लीभर माना वळायच्या. मी मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागलो. लोक उंच केलेल्या गाड्या घेऊन बर्फाच्या डोंगरांवर चढत होते. माझ्या वाटेवर सगळ्यात उंच डोंगर म्हणजे तो ब्रेकर, पण माझी छाती त्यांच्याइतकीच फुगली. काट्यावर आलेल्या शेतकऱ्यांना मी ग्राउंड क्लिअरन्स समजावून सांगू लागलो. ते बिचारे वजनाच्या पावतीसाठी थांबलेले असत, म्हणून ऐकून घेत.

सोनबाकडे गेलो तेव्हा त्यानं घरचे आणायला सांगितलं. मला ते कमीपणाचं वाटलं. तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला मेकॅनिकच्या दारात नेऊन बसवायचं, लोक बघणार. मी डोकं लढवलं. जिनिंगमधून सरकीची दोन पोती घेतली आणि काट्यावर नेमकी करून घेतली. अण्णाजींचं अठ्ठावन्न किलोचं. माझ्या बायकोचं, मोहिनीचं, अंदाजानं. तो अंदाज नंतर तिच्या कानावर गेला, तो वेगळा विषय. अण्णाजींचं पोतं पुढच्या सीटवर ठेवून त्याला पट्टाही लावला. दुकानात पोचलो तेव्हा भागाबाई पट्टा लावलेल्या पोत्याकडे बघून तोंडावर पदर घेत मागे निघून गेली. सोनबानं विचारलं, घरचे कुठे आहेत. मी म्हटलं, वजन अगदी तंतोतंत आहे, काळजी नको. त्यानं पोत्याचा पट्टा एकदा ओढून बघितला. मग खाली बसून त्यानं मापं घेतली.

तो मूळ उंचीच्या नव्या स्प्रिंगा पुरे म्हणत होता. मी त्यावर गाडी आणखी उचलणारे दोन इंचाचे स्पेसर टाकायला लावले. टायरही एक माप मोठे घेतले. भागाबाईनं ते चढवले, पण आधी दोनदा विचारलं की खरंच हेच हवेत का. जुने टायर मी उदार मनानं ओमप्रकाशला देऊन टाकले. गाडी अशी उभी राहिली की मी तिचे सहा फोटो काढले. वळणावर टायर आतल्या पत्र्याला घासायचा आणि वेग घेतला की गाडी डुलायची, पण ब्रेकरवरून ती अलगद गेली.

मग गुरुवार आला. अण्णाजी काठी टेकत दाराशी आले, पाय उचलला, आणि तो दाराच्या कडेपर्यंत पोचला नाही. पुन्हा उचलला. मला घाई होती. मी ओमप्रकाशला हाक मारली, त्यानं एका काखेत हात घातला, मी दुसऱ्या, आणि आम्ही त्यांना उचलून सीटवर ठेवलं. मी पट्टाही लावला. गल्लीतले लोक बघत होते. सेवाग्रामपर्यंत अण्णाजी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, नव्या स्प्रिंगांचं कौतुक करायला शब्द सुचत नसतील.

पुढच्या गुरुवारी त्यांचं पोट बरं नव्हतं. त्याच्या पुढच्या गुरुवारी ऊन फार होतं. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी कारणही दिलं नाही, नुसतं भिंतीकडे तोंड केलं. सुरभी मॅडमचा फोन आला. पाय आखडायला लागला असेल, त्या म्हणाल्या. अजून महिनाभर असंच गेलं तर काठी सुटेल आणि चाकाची खुर्ची येईल. मी घाबरलो. पण माझं डोकं गाडीतून बाहेर निघायला तयार नव्हतं. गाडी दचके देत असेल, म्हणून म्हातारा येत नाही, असं मी ठरवलं. टायरमधली हवा कमी केली. सीटवर गादी टाकली. मोहिनी म्हणाली, एकदा त्यांना विचारून तर बघा. मी म्हटलं, त्यांना शॉकअपमधलं काय कळतं. तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाबद्दल मी हे म्हटलं.

शेवटी शॉकअप नरम करून घ्यायला सोनबाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यानं गाडीला हातही लावला नाही. अण्णाजी चढले कसे, एवढंच विचारलं. मी म्हटलं, चढवलं आम्ही दोघांनी, त्यात काय.

"पोतं चढत नाई, भाऊ," सोनबा म्हणाला. "त्याले उचलून ठेवा लागते. म्या त्याच दिवशी बोलाले पाह्यजे होतं."

मला तिथेच बसावंसं वाटलं, आणि मी खड्ड्याच्या काठावर बसलोही. गल्लीसमोर मी माझ्या बापाला पोत्यासारखं उचलून ठेवलं होतं, आणि वर त्यांच्या पोटदुखीला ओवा दिला होता. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. भागाबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि ती गोंडीत काहीतरी म्हणाली. सोनबानं त्याचा अर्थ मला सांगितला नाही. बरं केलं.

त्या संध्याकाळी सोनबा दुकान बंद करून आमच्या घरी आला. अण्णाजींना त्यानं नमस्कार केला आणि अंगणातल्या विटांच्या ढिगातून चार विटा आणल्या. एक वीट ठेवून म्हणाला, पाय ठेवून दाखवा, कोणाला न धरता. अण्णाजींनी ठेवला. दुसरी, तिसरी. चौथीला पाय अडखळला. सोनबानं तीन विटांशी कामटी लावून खूण केली. आमच्या घरातून गाडीची इतकी मापं गेली, पण अण्णाजींचं माप घ्यायचं कोणालाही सुचलं नव्हतं. मग दोघांचं बोलणं सुरू झालं. अण्णाजींनी सांगितलं, की बसलेली गाडी त्यांना सोयीची पडायची, वरची कडी धरली की चढता यायचं. म्हणजे ज्या खालावलेल्या गाडीची मला शरम वाटत होती, ती नेमकी त्यांच्या पायाच्या मापाची होती. पायदान किती रुंद हवं आणि कडी कुठे हवी, तेही त्यांनीच सांगितलं. मी चहा आणून दिला. त्या बैठकीत माझं काम तेवढंच होतं.

स्पेसर निघाले. ओमप्रकाशकडे टायर परत मागायला गेलो, तर त्यानं त्यात माती भरून बायकोला कोथिंबीर लावून दिली होती. भागाबाईनं मूळ मापाचे टायर शोधून आणले. सोनबानं डाव्या दाराखाली तीन विटांच्या उंचीवर पायदान बसवलं आणि आत कडी ठोकली. गाडी पुन्हा साधी दिसायला लागली. ब्रेकरवर पायदान खरवडतं. माना वळतात.

गुरुवारी अण्णाजी न बोलावता दाराशी आले. मी दोन्ही हात पुढे करून उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. उजव्या हातानं कडी धरली, पाय पायदानावर ठेवला, थोडं थांबले, दुसरा पाय ओढून घेतला आणि आत बसले. दार त्यांनी स्वतः ओढून घेतलं. माझे हात तसेच पुढे राहिले होते. स्टेअरिंगवर बसल्यावर मला रडू आलं, ते मी आरशात मागचा रस्ता बघतोय असं दाखवून निभावलं.

सेवाग्रामला ते तसेच एकटे उतरले. दवाखान्याच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीशी ते थांबले, आणि माझे हात सवयीनं पुन्हा त्यांच्या काखेकडे गेले. अण्णाजींनी काठी डाव्या कुशीत दाबली आणि उजवा हात माझ्यापुढे केला.

"धराचा असन तं हात धर," ते म्हणाले. "उचलाचं नाई."

मी हात धरला. आम्ही दोघं एकेक करून तिन्ही पायऱ्या चढलो, आणि वर पोचल्यावर धाप मला लागली होती.