भाऊजींचा आज्ञाधारक पाय

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आपले पाय भाड्याने देतात. फिजिओथेरपी कॉलेजच्या परीक्षेत मुलांना तपासायला एक धडधाकट माणूस लागतो. निवृत्तीनंतर ते त्या खुर्चीत जाऊन बसले आणि तिथलेच झाले. मुलं त्यांना गुडघेकाका म्हणतात. पुढे हातांसाठी माणूस हवा झाला, तेव्हा त्यांनी मला चिकटवलं. आता खांद्यापासून बोटांपर्यंत मी, कंबरेखालचं सगळं ते, आणि आमची टेबलं शेजारीशेजारी.

पायांचा त्यांना कोण अभिमान! मुलं पेनाने गुडघ्याच्या वाटीभोवती गोल काढतात. नडगीशेजारच्या बारीक हाडाला नस जिथे वळसा घालते, तिथे बाण मारतात. हे महाशय ती चित्रं न धुता घरी मिरवतात. चादरीवर निळे डाग पडले की ताई म्हणते, "मी लग्न माणसाशी केलं की फळ्याशी?"

माणूस मात्र हळवा. घाबरलेलं पोर दिसलं की यांचा जीव खालीवर. गुडघ्याखाली किंवा टाचेमागे रबरी हातोडी मारली की पाय आपोआप उडायला हवा. ती भलतीकडेच पडली तरी हे इमानेइतबारे पाय उडवून मोकळे. मी कितीदा टोकलं. "तुझं काय जातं गं? पोर पास होतं," हे त्यांचं उत्तर. जित्याची खोड, दुसरं काय.

एका परीक्षेत शेवटी एक लुकडी मुलगी आली. आधी माझ्या टेबलावर कोपर तपासताना तिची बोटं बर्फासारखी गार होती. "एकदा नापास झालेय, मावशी. आता झाले तर घरचे परत बोलावून घेतील," ती हळूच म्हणाली.

भाऊजींकडे गेल्यावर तिने त्यांना बसू दिलंच नाही. खुर्चीच्या पाठीकडे तोंड करून, गुडघे टेकवून उभं केलं. टाचा बाहेर लोंबत्या. आता हातोडी कधी येते ते भाऊजींना दिसेना. वर तिने सांगितलं, "बोटांत बोटं अडकवून जोरात ओढा, काका." ते बिचारे ओढत राहिले, पायाकडे लक्षच उरलं नाही. तिने डाव्या टाचेमागे टकटक केलं, पाऊल उडालं. उजवीकडे काहीच नाही. तिने पुन्हा मारलं, तरी पाऊल ढिम्म.

"उजव्या घोट्याचा झटका मिळत नाही, सर," ती परीक्षकांना म्हणाली.

"सकाळी मी स्वतः पाहिलाय. दोन्हीकडे उत्तम होता. बाकीच्या सगळ्यांनाही मिळाला."

"मला नाही मिळाला, सर."

परीक्षकांनी पेन उचललं. भाऊजी खुर्चीवरून उतरले. ती खुर्ची निरोगी पायांची. बोललो की गेली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"ती बरोबर सांगतेय. बाकीच्यांना मीच पाय उडवून दिला."

"आणि मी तपासलं तेव्हा?"

"तुम्ही घाईत दिसलात, सर. म्हटलं, तुम्हालाही मदत करावी."

मी पदर तोंडात कोंबला. परीक्षकांचे कान लाल झाले. त्यांनी भाऊजींना परत खुर्चीवर गुडघे टेकायला लावलं, स्वतः हातोडी मारली, परत मारली. मग मुकाट्याने मुलीचे गुण लिहिले. "पास. बाकीच्यांची परीक्षा उद्या दुसऱ्या पायांवर," ते म्हणाले. भाऊजींच्या या मदतीपायी अख्खा वर्ग पुन्हा अभ्यासाला बसला.

मुलगी आनंद करत थांबली नाही. कापसाचा बोळा घेऊन ती भाऊजींच्या पायाशी बसली. "डोळे मिटा, काका. लागलं की सांगा." तळव्याच्या बाहेरच्या कडेने करंगळीपर्यंत तिने कापूस फिरवला. सवयीने भाऊजींनी 'लागलं' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"नाही गं लागत," ते म्हणाले.

माझं हसू तिथेच विरलं. इतकी वर्षं दुसऱ्यांना पाय उडवून देताना या माणसाला स्वतःचा पाय कधी गप्प झाला ते कळलंच नव्हतं. मला त्यांचा फार राग आला, आणि त्याहून जास्त माया आली.

"कंबरेतून उतरणारी नस वर कुठेतरी दबली असावी," मुलगी म्हणाली. "लवकर दाखवलंत तर बहुतेक बरं होतं. पण बधिरपणा कधीपासून आहे, काका?"

भाऊजींनी आधी माझ्याकडे पाहिलं.

"हिला बाहेर पाठव, नाहीतर ही घरी बहिणीला सांगेल," ते तिला म्हणाले, "मग सांगतो."

मी जागची हलले नाही.